तारण

लीड्सच्या कचेरीत, सहाव्या मजल्यावर,
समुद्र माझ्याकडे आकड्यांतून येतो.
उपग्रहाने टिपलेला किनारा, दर पंधरवड्याला ताजा,
आणि प्रत्येक घराच्या छपरावर एक रंग.
हिरव्याला कर्ज. पिवळ्याला, बघू.
लाल घराशी मॉडेल बोलतच नाही.

मी त्या मॉडेलची कारकून म्हणा.
हुद्दा लांबलचक आहे, त्यात हवामान आहे, जोखीम आहे.
आईला फोनवर एवढंच सांगितलं, बँकेत आहे.
तिला तेवढं पुरलं.

मार्चमध्ये एका तक्रारीपायी मला धाडलं
होल्डरनेसच्या किनाऱ्यावर.
हलपर्यंत गाडी, पुढे बस,
पुढे एक डांबरी रस्ता, जो कुंपणापाशी नुसता संपतो.
उरलेला खाली वाळूत पडलाय,
मधल्या पांढऱ्या पट्ट्यासकट.

एव्हिस ब्लेंकिन, वय एकोणऐंशी.
"तूच का तो कॉम्प्युटर?" दारातच विचारलं.
म्हटलं, त्याच्याकडचीच.
"मग चहा घेत असशील."

तिला बेव्हर्लीला जायचंय, लेकीच्या गल्लीत,
दोन खोल्या बघून ठेवल्यात.
त्यासाठी हे घर तारण.
आमच्या भाषेत तारण म्हणजे जे तारतं ते,
आणि न फिटलेलं कर्ज ते बुडीत.
शब्द कुणी पाण्याकाठीच घडवले असावेत.
मी हे तिला सांगितलं नाही.
टॅबलेटवर शून्य होतं, ते उलटं धरून बसले.

मॉडेल म्हणतं, वर्षाला तीन पूर्णांक आठ मीटर.
एव्हिस म्हणते, हिवाळ्याला दोन चादरी.
तिची मोजपट्टी म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी.
नवी नवरी आली तेव्हा दोरीपलीकडे बटाट्याचं शेत,
शेतापलीकडे पायवाट,
आणि समुद्र ऐकू यायचा, तोही रात्री, वारा पडला तर.
आता दोरीला तीन चादरी मावतात.
दोन, जर मोठ्या पलंगाच्या असतील.

मग तिने खिडकीशी बोलावलं.
"ते बघ. कीथचे."
क्षितिजावर पांढऱ्या पवनचक्क्या,
संथ, एकीचा दुसरीशी मेळ नसलेल्या.
कीथ जन्मभर गॅसच्या टर्मिनलवर राबला.
तो गेल्यावर त्याच्या पेन्शनवाल्यांनी गॅस विकला
आणि पैसे पाण्यात घातले, खरोखरच्या.
लेकीने तिच्या फोनवर ॲप टाकून दिलंय,
उघडलं की एक हिरवं पान हलतं,
मग रक्कम.
"गॅसवर जगला, आता वाऱ्यावर आहे," ती म्हणाली,
आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली
की कप खाली ठेवावा लागला.

ईशान्येचा वारा सुटला की
ती पाती जोरात फिरतात, तिच्या खात्यात काही पेनी पडतात.
त्याच वाऱ्याने लाटा कड्याला भिडतात.
आमच्याकडे हे दोन वेगळे तक्ते आहेत,
दोन वेगळ्या मजल्यांवर.
तिच्याकडे एकच खिडकी.

निघताना म्हणाली, आलीच आहेस तर हात लाव.
दोरीचा खांब कड्याशी कलला होता.
कचेरीतल्या बुटांनी मी कुदळीवर उभी राहिले,
तो उपटला, चार पावलं आत रोवला,
भोवती विटांचे तुकडे ठोकले.
तिने लगेच एक चादर टाकली,
नवा खांब पेलतो का बघायला.
पेलला.

अहवालात मी लेकीच्या गल्लीबद्दल लिहिलं,
पेन्शनबद्दल लिहिलं,
दोन्ही तक्ते एकाखाली एक जोडले.
उत्तर अजून आलेलं नाही.

पंधरवड्याने नवं चित्र आलं.
ब्लेंकिनबाईंच्या परसात एक पांढरा ठिपका.
मॉडेलने तो लाटेचा फेस धरला
आणि किनारा तेवढा आत सरकवला, दारापर्यंत.

दुरुस्तीची चौकट उघडून
मी कारण भरलं:
चादर.